नवा क्लच टाकूनही सांध्यातून तेल गळतंय? पोर्शेचं आयएमएस बेअरिंग, मागचं सील आणि क्लच एकाच वेळी उरका

तक्रार ठरलेली असते. क्लच घसरत होता म्हणून नवा टाकला, काही महिने बरे गेले, आणि आता इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पुन्हा तेलाचा थेंब लोंबतोय. एक जण सांगतो मागचं सील बदला. दुसरा सांगतो आयएमएस (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) गेलं, इंजिनावर पाणी सोडा. १९९७ ते २००८ या मॉडेल-वर्षांच्या पोर्शे बॉक्सटर, केमन आणि ९११ या गाड्यांमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. टर्बो, जीटी२ आणि जीटी३ यांचं इंजिन वेगळ्या घडणीचं, त्यांना यातून वगळा.

माझं मत आधीच सांगतो. या गाडीचा गिअरबॉक्स खाली आला की क्लच, क्रँकशाफ्टचं मागचं सील, आयएमएसचं बेअरिंग आणि त्यावरचं झाकण हे सगळं मिळून एकच काम धरायचं. चारही गोष्टी एकाच पोकळीत, हाताच्या अंतरावर असतात. एक करून बाकीच्या सोडल्या तर तीच मेहनत पुन्हा घ्यावी लागते.

बेअरिंग नेमकं कुठलं

या इंजिनात क्रँकशाफ्ट थेट कॅमशाफ्टला फिरवत नाही. मध्ये एक पोकळ शाफ्ट असतो, तो म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, थोडक्यात आयएमएस. क्रँकपासून चेनने तो फिरतो आणि त्याच्या दोन टोकांकडून निघालेल्या चेन दोन्ही बाजूंचे कॅम फिरवतात. ऑइल पंपही त्याच्याच एका टोकावर चालतो. पंपाकडचं टोक साध्या बुश-बेअरिंगमध्ये, दाबाच्या तेलात फिरतं, त्यामुळे तिकडे सहसा काही होत नाही. फ्लायव्हीलकडच्या टोकाला मात्र सीलबंद बॉल बेअरिंग आहे, कारखान्यातून ग्रीस भरून आलेलं.

खोट या सीलबंदपणातच आहे. शाफ्टभोवती गरम तेल सतत उडत असतं. ते सीलच्या कडेने हळूहळू आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन काढतं. आत गेलेलं तेल मात्र तिथेच अडकतं, कारण ताजं तेल आत यायला वाट नसते. बाष्प, पेट्रोलचा अंश आणि आम्ल घेऊन ते काळं पडत जातं आणि त्याच घाणीत गोळ्या फिरतात. म्हणून कव्हरखाली झाकून ठेवलेली, महिन्यातून एकदा गल्लीत फिरवून आणलेली गाडी इथे जास्त धोक्यात असते. रोज चालणाऱ्या, इंजिन नीट तापणाऱ्या गाडीत तेलही लवकर बदललं जातं आणि त्यातली वाफही निघून जाते.

बेअरिंगचे तीन प्रकार आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग, ते बरंच दणकट. साधारण २००० ते २००५ या काळात एकेरी रांगेचं, आणि खरी डोकेदुखी तेच आहे. अमेरिकेत याच बेअरिंगवरून सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली, आणि तीत ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्या धरल्या होत्या. तिसरा प्रकार २००६ ते २००८ चा. तेही एकेरी, पण आकाराने मोठं आणि मजबूत. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही.

मॉडेलच्या सालावर पूर्ण भरवसा ठेवू नका. संक्रमणाच्या वर्षांत दोन्ही प्रकार निघाले आहेत, आणि कित्येक गाड्यांची इंजिनं वॉरंटीत बदललेली आहेत. खात्री फ्लायव्हील काढल्यावरच होते. झाकणाच्या मधोमध १३ मिलिमीटरचा नट दिसला तर बेअरिंग बदलता येतं. २२ मिलिमीटरचा दिसला तर आत मोठं बेअरिंग आहे आणि ते क्रँककेसच्या भोकातून बाहेर येत नाही. त्यासाठी इंजिन दुभागावं लागतं. अशा वेळी बेअरिंग जागेवरच ठेवून त्याचं बाहेरच्या बाजूचं सील अलगद उचकटून काढायचं, म्हणजे इंजिनातलं तेल आत-बाहेर खेळतं राहतं. झाकण नव्या सीलसह परत बसवायचं. नटाचं माप कळण्याआधी बेअरिंगचं किट मागवू नका.

पाने हातात घेण्याआधी

आधी तेल काढा आणि फिल्टरचा कागद कापून पसरवा. त्यावरून लोहचुंबक फिरवा. तपकिरी प्लॅस्टिकचे बारीक कपचे चेनच्या गाइडचे असतात. जुन्या इंजिनात थोडे सापडायचेच, घाबरू नका. चुंबकाला चिकटणारे पोलादी तुकडे सापडले तर मात्र इथेच थांबा. ते बेअरिंगच्या गोळ्यांचे किंवा कड्यांचे असू शकतात आणि एव्हाना तेलाबरोबर सगळ्या इंजिनात फिरलेले असतात. अशा इंजिनात नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. क्रँकची बेअरिंग, ऑइल पंप, टेन्शनर यांत तेच कण जाऊन बसलेले असतात आणि इंजिन उघडण्यावाचून पर्याय नसतो.

दुसरी तपासणी कॅमच्या विचलनाची, म्हणजे कॅमचं टायमिंग जागेपासून किती अंश सरकलंय त्याची. डायग्नोस्टिक यंत्र लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलवर दोन्ही बाजूंचे आकडे बघा. उणे ६ ते अधिक ६ अंशांच्या आत आणि स्थिर असतील तर ठीक. आकडा नाचत असेल तर शाफ्ट डगमगतोय किंवा चेन-गाइडमध्ये काहीतरी आहे. हे आकडे लिहून ठेवा. काम संपल्यावर हेच आकडे पुन्हा बघायचे आहेत.

आवाज ओळखायला क्लचचं पेडल पुरतं. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबून सोडवणारं बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा ढिलं झालेलं ड्युअल-मास (मध्ये स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) फ्लायव्हील. पेडलचा काहीच परिणाम होत नसेल तर आवाज इंजिनाचा. आयएमएसचं बेअरिंग कधी कधी फ्लायव्हीलकडच्या बाजूने खडखडतं, पण बऱ्याचदा हूं की चूं न करता जातं. ‘आवाज नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

गळणारं तेल बोटांवर घेऊन वास घ्या. उग्र, गंधकासारखा वास गिअर ऑइलचा. म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलंय आणि इंजिनाला उगाच दोष दिला जातोय. इंजिन ऑइल असेल तर ते वरून तर ओघळत नाही ना, हेही बघा. हवा-तेल विभाजक किंवा तेलाच्या भरणनळीचा सांधा गळला तरी तेल ओघळत येऊन त्याच सांध्यावर लोंबतं. पुन्हा पुन्हा गळतीची तक्रार करणाऱ्यांपैकी काही जण खरं तर हीच वरची गळती खालून शोधत बसलेले असतात.

उतरवणं

हा भाग अंगमेहनतीचा आहे, अवघड नाही. बॅटरी सोडा. गाडी चार भक्कम स्टँडवर, सपाट काँक्रीटवर, आणि गिअरबॉक्स जॅकसकट खालून बाहेर सरकेल इतकी उंच. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, यात तडजोड नको. मफलर, खालच्या आडव्या पट्ट्या, हाफ शाफ्ट, गिअरच्या केबल, रिव्हर्स लाइटचा प्लग असं क्रमाने सोडवत जा. हाफ शाफ्टच्या बोल्टची डोकी बारा टोकांची असतील तर आतली घाण टोकदार सळईने खरवडून मगच बिट ठोकून बसवा. डोकं एकदा घसरलं की दुपार त्यातच जाते. सुटलेले शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा.

क्लचचा स्लेव्ह सिलेंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा) नळीसकट बाजूला बांधून ठेवा. तो बाहेर असताना पेडलला कुणाचा पाय लागता कामा नये, नाहीतर पिस्टन उडून बाहेर येतो. पेडलवर चिठ्ठी लावा.

गिअरबॉक्स निघाला की इंजिनाचं ते टोक अधांतरी राहतं, म्हणून आधीच इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन दुसरा जॅक लावा. टेकू कास्टिंगच्या जाड भागाला द्या, ऑइल पॅनच्या पातळ पत्र्याला नाही. गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ रेषेत ओढा, बॉक्सटर-केमनमध्ये मागे, ९११ मध्ये पुढे. तो तिरका लटकला तर त्याचं सगळं वजन क्लच प्लेटच्या चकतीवर येतं आणि ती वाकते. इथे दुसरं माणूस हवंच.

प्रेशर प्लेट काढण्याआधी क्लचच्या कप्प्यात टॉर्च मारून नीट बघा. ओल कुठून सुरू होते? क्रँकच्या मधोमधच्या गोल सीलभोवती, की त्याच्या खालच्या तीन बोल्टांच्या झाकणाभोवती? फोटो काढून ठेवा. एकदा सगळं पुसलं की हा पुरावा गेला.

लॉक केल्याशिवाय झाकणाला हात नाही

घरी काम करताना इंजिनं मरतात ती इथेच. आयएमएसच्या झाकणामुळेच शाफ्टचं टोक मधोमध धरलेलं असतं. झाकण काढलं की चेनच्या ताणाने शाफ्ट बाजूला सरकतो, चेन दात ओलांडते, टायमिंग जातं. नंतर स्टार्टर मारला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

क्रँक पुलीच्या बोल्टवर २४ मिलिमीटरचा सॉकेट लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवा, उलट कधीच नाही. पहिल्या सिलेंडरचा टीडीसी (पिस्टन अगदी वरच्या टोकाला) आला की पुलीच्या खाचेतून केसमध्ये पिन घाला. मग कॅमच्या टोकांवरची झाकणं काढून खाचा दिसतील असं करा आणि कॅम लॉकचं हत्यार बसवा. ही टोकाची झाकणं काढताना भोक पडून वाया जातात, म्हणून नवी आधीच आणून ठेवा. जुन्या पाच चेनच्या इंजिनाला आणि नंतरच्या तीन चेनच्या इंजिनाला लॉकची हत्यारं वेगळी लागतात. आपल्या इंजिनाचंच हत्यार घ्या, जुगाड इथे नको.

त्यानंतर चेनचे हायड्रॉलिक टेन्शनर काढायचे. तिघांची जागा वेगळी आणि बनावटही वेगळी, म्हणून प्रत्येकावर लगेच खूण करा. अदलाबदल झाली तर चेन चालू होताच खडखडते आणि लोक नव्या बेअरिंगला दोष देत बसतात. परत बसवताना खालचे वॉशर नवे.

पाच चेनच्या इंजिनात आणखी एक खबरदारी घेतात. झाकणाच्या बोल्टांच्या भोकांतून लांब स्क्रू आत घालून ते शाफ्टच्या चेनचाकाला टेकवतात, म्हणजे शाफ्ट फिरत नाही. बोटांनी टेकतील इतपतच. पाना लावून आवळले तर चाक तिरकं दाबलं जातं.

बेअरिंग काढणं आणि बसवणं

मधला नट सोडा, तीन बोल्ट काढा आणि झाकण डावी-उजवीकडे हलवत बाहेर घ्या. मूळ मधला बोल्ट ओ-रिंगच्या खाचेपाशी बारीक असतो आणि तुटतो तो तिथेच. कितीही चांगला दिसला तरी परत वापरायचा नाही.

जुनं बेअरिंग पुलरनेच ओढायचं. पुलरचा आधार क्रँककेसवर सपाट बसला पाहिजे. एकेरी बेअरिंगला धरणारी तारेची कडी ओढताना धाडकन सुटते. त्या आवाजाने दचकू नका. दुहेरी बेअरिंगच्या पुढे सर्क्लिप असते, ती आधी चिमट्याने काढावी लागते. ती तशीच ठेवून ओढत राहिलात तर शाफ्टची खाच फाटते. बेअरिंग निघताच पोकळ शाफ्टमधून काळं, कुजकट वासाचं तेल सांडलं तर नवल नाही. ते वर्षानुवर्षं आत कोंडलेलं असतं. सगळं पुसून घ्या.

निघालेलं बेअरिंग बोटाने फिरवून बघा. गुळगुळीत फिरलं तर उत्तम. खरखर लागली, सील फुगलेलं किंवा फाटलेलं असलं, तर वेळेत हात घातलात. आतल्या कड्यात उघड खेळ असेल, गोळ्यांवर चट्टे असतील, तर फिल्टरकडे आणि ऑइल पॅनकडे पुन्हा वळा. पॅन उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नव्या बेअरिंगचे पर्याय मोजके आहेत: सिरॅमिक गोळ्यांचं, रोलरचं, आणि दाबाच्या तेलावर चालणारं साधं बुश-बेअरिंग. शेवटचा पर्याय तत्त्वतः सर्वांत पटणारा, पण त्याला तेलाची वेगळी लाइन लागते आणि तेल स्वच्छ असणं अत्यावश्यक. घरी करणाऱ्याला मी सिरॅमिक किंवा रोलर सुचवेन. तोही कायमचा नाही. बनवणारी कंपनी त्याची मुदत देते, ती पाळायची. झाकणाकडच्या बाजूने ते उघडं असलं पाहिजे. पुन्हा सीलबंद बेअरिंगच टाकायचं तर एवढा खटाटोप कशाला?

बसवण्याआधी बेअरिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, आकुंचन पावलं की सहज सरकतं. ठोकण्याचं हत्यार बाहेरच्या कड्यावर पूर्ण टेकलं पाहिजे. मार आतल्या कड्यावर गेला तर गोळ्यांना खळ्या पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून जुनं होतं. आवाज बदलेपर्यंत सरळ, थोडं थोडं ठोकत जा.

गळती परत का येते

झाकणाच्या बाहेरच्या कडेचं सील आणि तीन बोल्ट, गळतीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. बोल्टांची भोकं आरपार, थेट क्रँककेसमध्ये उघडतात. म्हणून नवे बोल्ट आट्यांवर सीलंट लावलेले येतात. जुनेच बोल्ट पुसून परत लावले की तेल आट्यांमधून चढत बाहेर येतं. भोकातले आटे तेलविरहित करून नवे बोल्ट १० न्यूटन-मीटरवर आवळा. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, अंदाजाने आवळाल तर मरतील. झाकणाचं सुधारित सील एकाऐवजी तीन ओठांचं आहे, तेच वापरा.

क्रँकचं मागचं सील काढताना स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर किंवा केसच्या भोकात उमटला तर नवं सीलही गळणार, म्हणून इथे घाई नको. नवीन सील टेफ्लॉनसारख्या पदार्थाचं असतं आणि ते कोरडंच बसवायचं. बाकी सगळी सीलं तेल लावून बसवायची सवय असल्याने हात आपोआप तेलाच्या बुदलीकडे जातो. इथे तेल किंवा ग्रीस लागलं तर सीलच्या पदार्थाचा थर शाफ्टवर बसत नाही आणि गळती चालू राहते. खोली १३ मिलिमीटर, गिअरबॉक्स टेकतो त्या पृष्ठभागापासून मोजून, चारही बाजूंनी सारखी. ठोकून कडेला मिळवून मोकळं व्हायचं सील हे नाही. योग्य हत्यार भाड्याने मिळालं तर घ्याच.

क्लच

ड्युअल-मास फ्लायव्हीलचे दोन भाग एकमेकांवर हाताने फिरवा. स्प्रिंगचा विरोध जाणवून ते मागे आलं पाहिजे. मोकळं फिरत असेल, कडेने डुगडुगत असेल किंवा ग्रीस बाहेर आलं असेल तर बदला. त्याऐवजी हलकं अखंड फ्लायव्हील टाकायचा मोह होतो. या इंजिनात मी टाकणार नाही, क्रँकची कंपनं झेलायचं काम ड्युअल-मासच करतं.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, २५ न्यूटन-मीटर आणि त्यावर ९० अंश. क्लच प्लेटच्या एका बाजूला गिअरबॉक्सकडची बाजू कोणती ते जर्मनमध्ये छापलेलं असतं. प्लेट उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. केंद्रित करण्याचं हत्यार घालून प्रेशर प्लेटचे नऊ बोल्ट समोरासमोर, एकेक फेरा आवळत शेवटी २३ न्यूटन-मीटर. एकाच बाजूने आवळत गेलात तर डायफ्रॅम वाकतो आणि पहिल्या गिअरला गाडी थरथरते.

रिलीज बेअरिंग, ते ढकलणाऱ्या फोर्कच्या टेकूवरची प्लॅस्टिकची वाटी आणि पायलट बेअरिंग विचार न करता बदला. स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या उभ्या खाचांना) ग्रीसचा अगदी पातळ हात. जास्त झालं की ते उडून नव्या अस्तरावर जातं.

पहिलं स्टार्ट आणि नंतरच्या तक्रारी

लॉक काढल्याची खात्री करा. पुलीची पिन विसरायची जागा हीच. मग इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पिन पुन्हा खाचेत बसते का आणि कॅमच्या खाचा जागेवर येतात का ते बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, टेन्शनर काढा आणि टायमिंग परत लावा. इंधन पंपाचा रिले काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. रिले लावून सुरू केल्यावर पहिल्या क्षणी चेनची खडखड ऐकू येते आणि टेन्शनर भरले की थांबते. थांबली नाही तर इंजिन लगेच बंद. तापल्यावर कॅमचे आकडे आधीच्या आकड्यांशी ताडून बघा.

पेडल मऊ असेल तर आत हवा आहे, स्लेव्हच्या निपलवरून ब्लीडिंग करा. पेडल कडक पण गिअर घुसत नाही, तर प्लेट उलटी बसली असेल किंवा फोर्क टेकूवरून निसटला असेल. गाडी थरथरत असेल तर थोडे दिवस अस्तर बसू द्या. तरी थांबली नाही तर ग्रीस किंवा तेल लागलंय.

थेंब परत दिसला तर लगेच गिअरबॉक्स उतरवायला धावू नका. पोकळीत आधीचं साचलेलं तेलही काही दिवस ओघळत राहतं. सांधा बाहेरून स्वच्छ धुवा, तेलात चमकणारा रंग टाका आणि गाडी चालवून अतिनील दिव्याखाली वरून खाली शोधत या. वरची जागा कोरडी आणि फक्त सांधाच चमकतोय असं दिसलं, तरच पुन्हा खोला.

पहिलं तेल काही शे किलोमीटरला बदला आणि फिल्टर कापून बघा. पुढे दर सहा महिन्यांनी किंवा ८ हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा. ड्रेन प्लग चुंबकाचा बसवा आणि प्रत्येक वेळी तो पुसण्याआधी त्यावर काय चिकटलंय ते बघा.